घरच्या लोहारशाळेत पहिला खर्च ऐरणीवर व्हावा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

केंद्र सरकारने 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत ज्या 18 पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे, त्यांत लोहारकाम तर आहेच, शिवाय हातोडे व हत्यारे बनविण्याचा व्यवसायही स्वतंत्रपणे धरलेला आहे. नोंदणी झालेल्या कारागिराला प्राथमिक प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात दररोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख व ते फेडल्यानंतर 2 लाख रुपयांपर्यंतचे विनातारण कर्ज मिळू शकते. आमच्या भागातील ज्या घरांमध्ये वडिलांच्या पिढीत भाता बंद पडला होता, अशा काही घरांतील तरुण या निमित्ताने पुन्हा अंगणात भट्टी मांडण्याचा विचार करू लागले आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे हे तरुण माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : आधी काय घ्यावे? त्यांच्या हातातील यादीत वेल्डिंग मशीन, कटर मशीन आणि ड्रिल मशीन सर्वांत वर असते आणि ऐरण कुठेतरी खाली, ‘मिळेल ती’ अशा बेताने लिहिलेली असते. ही यादी उलटी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणे आपल्या वाचकांपुढे, विशेषतः योजनेची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे मांडावीत, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वेल्डिंग आणि कटिंग करणारी दुकाने आज प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला आहेत. त्यांच्याकडे जे होत नाही ते काम लोहाराचे : झिजलेला फाळ शेवटून (तापवून व ठोकून पुन्हा टोकदार करून) देणे, वखराची पास ओढून धार काढणे, विळा-खुरप्याला पाणी देणे (म्हणजे तापवून व बुडवून धार कठीण करणे), कुऱ्हाडीचे तोंड पुन्हा भरून देणे आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बीड, धाराशिवच्या मजुरांचे कोयते तयार करणे. ही सर्व कामे तापवलेल्या लोखंडाला आकार देण्याची आहेत. त्यांना आग, ऐरण, हातोडा आणि सांडशी एवढेच मूळ साहित्य लागते, मात्र ते चांगल्या प्रतीचे आणि योग्य जागी मांडलेले असावे लागते.

ऐरणीपासून सुरुवात करतो. हातोड्याच्या घावातील जोर लोखंडात उतरायचा असेल, तर खालचा आधार जड आणि कठीण असला पाहिजे. तो हलका असेल तर घावाचा बराच भाग ऐरण हलवण्यात वाया जातो आणि तोच आकार येण्यासाठी दुप्पट घाव घालावे लागतात. साधारण एक किलोच्या हातोड्याने काम करणाऱ्याला 40 ते 50 किलोंची ऐरण असावी, हा व्यवहारातला अंदाज आहे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या अनेक ऐरणी बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) असतात. बीड ठिसूळ असते, त्याच्या कडा लवकर तुटतात, घाव घातल्यावर आवाज बद्द येतो आणि हातोडा उसळी घेत नाही. पोलादी ऐरणीवर हातोडा स्वतःहून थोडा वर येतो आणि दिवसभराच्या कामात खांद्याला जी उसंत मिळते ती त्या उसळीमुळेच मिळते. पारख करायला कोणतेही यंत्र लागत नाही. बेअरिंगमधला एक छर्रा खिशात ठेवावा आणि ऐरणीच्या माथ्यावर एक फूट उंचीवरून सोडावा. चांगल्या ऐरणीवरून तो पाऊण फुटाच्या आसपास परत उसळतो आणि बिडाच्या ऐरणीवर थोडीशी उडी मारून बसतो. माथ्यावर जागोजागी ही परीक्षा केली, तर कुठे मऊपणा आहे तेही कळते.

चित्रात असते तशी शिंगाची ऐरण परवडत नसेल, तर काम अडवून ठेवण्याचे कारण नाही. हातोड्याचे तोंड जेवढे असते त्याहून थोडा मोठा कठीण माथा मिळाला, तरी शेतीच्या अवजारांचे बहुतेक काम होते. मराठवाड्याला या बाबतीत एक सोय आहे, तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. जालना हे भंगारापासून लोखंडी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र आहे आणि तेथे जड वाहनांचे व यंत्रांचे भंगार मोठ्या प्रमाणावर येते. ट्रकच्या आसाचा किंवा माती उपसणाऱ्या यंत्राच्या जाड पिनेचा तुकडा उभा करून लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवला, तर संपूर्ण वजन घावाच्या बरोबर खाली येते आणि आडव्या ठेवलेल्या मोठ्या तुकड्यापेक्षाही तो चांगला आधार देतो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून एक इशारा देणे आवश्यक वाटते. रूळ ही रेल्वेची मालमत्ता असून ती कायदेशीर मार्गाने आपल्याकडे आली आहे हे दाखवता आले नाही, तर रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, 1966 अन्वये गुन्हा दाखल होऊ शकतो. लिलावात विकल्या गेलेल्या भंगारातून आणि पावतीसह तुकडा मिळत असेल तरच तो घ्यावा.

ऐरण कोठे आणि किती उंचीवर बसवायची, याकडे खरेदीइतकेच लक्ष हवे. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मुठीचे सांधे जेथे येतात, तेथे ऐरणीचा माथा यावा. त्याहून खाली असेल तर कंबर वाकते आणि काही वर्षांत ती कायमची धरते. वर असेल तर हातोड्याची कड आधी टेकते आणि लोखंडावर चंद्रकोरीसारखे वण उठतात. दुसऱ्या व्यक्तीने घण मारायचा असेल तर ऐरण किंचित खाली घ्यावी. बैठ्या भट्टीवर काम करण्याची सवय ज्यांना लहानपणापासून आहे त्यांनी ती बदलावी असा माझा आग्रह नाही, परंतु नव्याने शिकणाऱ्याने उभ्याने काम करण्याचीच मांडणी करावी.

ठोकळ्यासाठी बाभळीचे किंवा कडुनिंबाचे वाळलेले खोड उत्तम. ते जमिनीत दोन फूट पुरण्याची पद्धत जुनी आणि योग्य आहे, पण आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यात पुरलेला ठोकळा एका वर्षात कलतो. म्हणून काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खणावे आणि ठोकळ्याच्या सर्व बाजूंनी मुरूम ठासून भरावा. हीच काळी माती भट्टीच्या लिंपणासाठीही निरुपयोगी आहे, कारण पहिल्याच तापात तिला भेगा पडतात. विटांनी बांधलेल्या आपल्या भट्टीला पांढऱ्या मातीत वाळू व थोडी राख मिसळून लिंपण करावे आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय मोठी आग करू नये. सिमेंट काँक्रीटचा थेट आगीशी संबंध येऊ देऊ नये, कारण त्यात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन टवके जोरात उडतात व डोळ्यांना इजा होते.

जागेच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी काळजी माळवदाची आहे. लातूर, धाराशिव, बीडच्या जुन्या घरांत छत म्हणजे सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यावर फळ्या आणि वर माती असते. अशा छताखाली, मग ती कितीही मोठी ओसरी असो, भट्टी मांडू नये. ठिणगी फटीत शिरली की तिथे ती तासन्तास धुमसते आणि रात्री घर झोपल्यावर पेटते. अंगणात पत्र्याचे शेड घालावे, ते दोन बाजूंनी मोकळे असावे आणि कडब्याची गंजी वाऱ्याच्या दिशेला तर नसावीच, शिवाय तिच्यात आणि भट्टीत भरपूर अंतर असावे. बंद खोलीत कोळसा पेटवला तर तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला जाणवत नाही, त्यामुळे थंडीच्या दिवसांतही दार लावून काम करणे जिवावर बेतू शकते. शेडमध्ये वारा खेळता असावा, पण ऊन थेट भट्टीवर पडू नये. तापलेल्या लोखंडाचा रंग हेच लोहाराचे मापक असते आणि लख्ख उन्हात तांबड्या व नारिंगी रंगातील फरक ओळखता येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी लवकर काम करण्याचा प्रघात आहे. तो उकाड्यामुळे पडला असला तरी रंग पाहण्यासाठीही तीच वेळ चांगली असते.

भट्टी, ऐरण आणि पाण्याची डोणी यांत एका पावलापेक्षा अधिक अंतर ठेवू नये. खुरप्याचे पाते भट्टीतून बाहेर काढल्यावर काही सेकंदांतच आकार घेण्याजोगा ताप गमावते आणि दोन पावले चालण्यात तो ताप संपतो. काळे पडत आलेल्या लोखंडावर घाव घालत राहिले की त्यात बारीक चिरा पडतात, ज्या पुढे धार लावताना किंवा शेतात वापरताना उघड होतात. अवजार मोडल्यावर शेतकरी लोखंडाला दोष देतो, परंतु पुष्कळदा दोष मांडणीचा असतो.

आगीला वारा देण्यासाठी विजेचा ब्लोअर सोयीचा आहे, पण त्याबरोबर हाताने फिरवायचा पंखा किंवा जुना भाता चालू स्थितीत ठेवावा, कारण आपल्याकडे वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही आणि भट्टीतले लोखंड थांबून राहत नाही. ब्लोअरच्या नळीला वारा कमी-जास्त करण्याची झडप असलीच पाहिजे. जास्त वारा म्हणजे जास्त ताप, हा समज चुकीचा आहे. गरजेपेक्षा जास्त वाऱ्याने कोळसा भराभर संपतो, लोखंडावर पापुद्रे सुटतात आणि पातळ पाते ठिणग्या टाकत जळून जाते. वाऱ्याच्या तोंडावर किमान वीतभर जळता कोळसा असावा आणि लोखंड त्याच्या वरच्या भागात ठेवावे. नळीसाठी पाण्याचा जस्त चढवलेला पाइप वापरलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि तो प्रत्येक वेळी काढायला लावला आहे. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते आणि भट्टीचा ताप त्याहून बराच वर जातो. त्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते आणि माणसाला वाटते की हवा बदलल्यामुळे दुखणे आले.

सांडशीबद्दल मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. एकच सांडशी घेऊन चपटी पट्टी, गोल सळई आणि जाड फाळ हे सर्व धरण्याचा प्रयत्न होतो. सांडशीचे तोंड त्या लोखंडावर नीट बसत नाही, त्यामुळे मूठ सारखी आवळून धरावी लागते आणि मनगट जाते. शिवाय घाव तिरका बसला की लालबुंद तुकडा सांडशीतून निसटून समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. लोहारकामातील भाजण्याचे बरेचसे प्रसंग असे टाळता येण्याजोगे असतात. तोंड तापवून, ज्या जाडीचे लोखंड धरायचे त्यावरच ठोकून बसवावे आणि दांड्यांवर सरकणारी कडी घालावी, म्हणजे पकड आपोआप घट्ट राहते. नव्या माणसाने पहिली दोन-तीन अवजारे म्हणून स्वतःच्या सांडश्याच कराव्यात. साध्या सळईपासून त्या होतात आणि त्या करताना लोखंड ओढणे (ठोकून लांबवणे), चपटे करणे, भोक पाडणे व रिबीट मारणे ही चारही मूलभूत कामे हाताखालून जातात.

हातोडा 800 ग्रॅम ते एक किलोचा पुरेसा आहे. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा कानसीने गोलसर करून घ्याव्यात. हातोड्याने हातोड्यावर किंवा ऐरणीच्या उघड्या माथ्यावर घाव घालू नये, कारण कठीण पोलादाचा टवका बंदुकीच्या छर्‍याच्या वेगाने उडतो. डोळ्यांवर चष्मा, अंगात सुती कपडे आणि पायात बंद पादत्राणे असावीत. नायलॉनचे कपडे वितळून त्वचेला चिकटतात. कटर मशीन पुढे घेतले तर त्याचे संरक्षक आवरण काढू नये आणि चाकावर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नाही, याची खात्री करावी.

पाणी देण्याची मांडणी हा या सगळ्यातील सर्वांत नाजूक भाग आहे आणि येथे माल कोणता यावर सर्व काही अवलंबून असते. बांधकामाच्या सळईत कार्बनचे प्रमाण साधारण पाव टक्क्याच्या आसपास असते, त्यामुळे तिचा कोयता कितीही पाण्यात बुडवला तरी धार टिकत नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर असते, म्हणून आपल्याकडील जाणते कारागीर पूर्वीपासून कमानीच्या पाट्याचाच कोयता करतात. या पोलादाला थेट थंड पाण्यात बुडवले तर ते तडकण्याचा धोका असतो. त्यासाठी तेलाची डोणी वेगळी ठेवावी. करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल यासाठी चालते, गाडीचे जळके तेल मात्र विषारी धूर सोडते. डोणी लोखंडी असावी आणि भडका उडाल्यास तिच्यावर तात्काळ टाकण्यासाठी लोखंडी झाकण हाताशी असावे. पेटत्या तेलावर पाणी टाकू नये. ताप किती झाला हे ओळखायला भट्टीजवळ तारेला बांधलेले एक लोहचुंबक ठेवावे. पोलाद सुमारे 770 अंशांना चुंबकाला चिकटायचे थांबते आणि त्यानंतर थोडा ताप वाढवून ते तेलात सोडावे. मग पाते घासून चकचकीत करून पुन्हा हलके तापवले की आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व निळा असे रंग धारेकडे सरकत जातात. खुरप्याला पिवळ्या-तपकिरी रंगावर थांबावे. उसाच्या कांड्यावर आपटणाऱ्या कोयत्याला जांभळट छटा येऊ द्यावी, नाहीतर तो खिरतो. हे ज्ञान आपल्याकडे बाहेरून आणावे लागत नाही. नांदेडच्या सीमेपलीकडील, तेलंगणातील निर्मल आणि त्याच्या दक्षिणेकडील कोनासमुद्रम हा परिसर मुशीत तयार होणाऱ्या उच्च प्रतीच्या पोलादासाठी शतकानुशतके ख्यातनाम होता आणि 1948 पर्यंत तो व आपला मराठवाडा एकाच हैदराबाद संस्थानात होते.

आता योजनेविषयी. योजनेतून मिळणाऱ्या हत्यारांच्या संचातील ऐरण किती किलोची, कोणत्या धातूची आणि तिचा माथा कठीण केलेला आहे की नाही, हे लाभार्थ्याला स्वीकारण्यापूर्वी लेखी कळले पाहिजे. शक्य असेल तेथे 15,000 रुपयांचा विनियोग ठरवताना कारागिराला निवड द्यावी; ज्याच्याकडे आजोबांची चांगली ऐरण आहे त्याला दुसरी देण्यापेक्षा व्हाइस किंवा हाताने फिरवायचा पंखा दिलेला बरा. पाच-सात दिवसांच्या प्राथमिक प्रशिक्षणातील किमान एक दिवस केवळ जागा आणि मांडणी यासाठी असावा व तो शिकवण्यासाठी त्या तालुक्यातील वयस्क लोहारांना मानधन देऊन बोलवावे. योजनेत एका कुटुंबातून एकाच व्यक्तीची नोंदणी होते. आपल्याकडे, विशेषतः घिसाडी या फिरत्या लोहार समाजाच्या कुटुंबांत, घण स्त्रियाच मारतात आणि नोंदणी मात्र बहुधा पुरुषाच्या नावाने होते. त्या स्त्रियांना लाभाचा दुसरा वाटा मिळू शकत नसला, तरी प्रशिक्षणाला पतीबरोबर बसण्याची आणि संरक्षक चष्मा व पादत्राणे मिळण्याची सोय करणे हे प्रशासनाला जड जाऊ नये.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि बैलचलित अवजारांवर तेथे दीर्घकाळ काम झाले आहे. तेथे तयार झालेली अवजारे गावात दुरुस्त करणारा हात मात्र लोहाराचाच असतो. विद्यापीठाने आपल्या आवारात आणि जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांत एकेक नमुन्याची लोहारशाळा उभी करावी, ज्यात मुरमात बसवलेला ठोकळा, झडपेची भट्टी आणि तेलाची झाकणबंद डोणी कोणालाही प्रत्यक्ष पाहता येईल, आणि तिची मापे असलेली एक छोटी सचित्र पुस्तिका मराठीत काढावी. या नमुन्याचा खर्च एखाद्या ट्रॅक्टरच्या अवजारापेक्षा जास्त येणार नाही. मृगापूर्वी तिफणी आणि वखरांची कामे असतात आणि दसऱ्यापूर्वी कोयत्यांची. त्यामुळे प्रशिक्षण व संचवाटप या दोन हंगामांच्या किमान दोन महिने आधी पूर्ण होईल असे वेळापत्रक आठही जिल्ह्यांच्या प्रशासनाने जाहीर करावे, अशी मी आपल्या दैनिकाद्वारे विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
ता. औसा, जि. लातूर